कमी तेलावर चालणारे घड्याळ

चावीचे मनगटी घड्याळ बंद पडते तेव्हा बहुतेक वेळा आत काहीच तुटलेले नसते. तेल वाळलेले असते. जुने एचएमटी घेऊन घड्याळजीकडे गेलात तर तो मागचे झाकण काढतो, डोळ्याला भिंग लावून आत पाहतो आणि म्हणतो, "मशीन चांगलंय, नुसतं जाम झालंय. सर्व्हिसिंग केलंच नाही वाटतं कधी." मग सगळे भाग सुटे करायचे, धुवायचे, पुसायचे, पुन्हा बसवायचे आणि शेवटी सुईच्या टोकाने एकेका ज्वेलमध्ये, म्हणजे चाकाचा आस फिरतो त्या माणकात, तेल सोडायचे. तो थेंब नुसत्या डोळ्यांना धड दिसतही नाही. जास्त झाला तर पसरतो, कमी झाला तर लवकर संपतो. शेतकऱ्याच्या मनगटावरच्या घड्याळात तर मातीची बारीक धूळ शिरते, तेलात मिसळते आणि वंगणाचा चिखल होतो. घड्याळ आधी मागे पडू लागते, मग चावी देऊनही हलत नाही. आपण म्हणतो, "गेलं." गेलेले काही नसते.

हिवरे बाजारबद्दल विचार करताना हे घड्याळपुराण कशाला, असे कोणी विचारील. तर गेले काही दिवस एक इंग्रज घड्याळजी आणि नगर तालुक्यातले हे गाव माझ्या डोक्यात शेजारी येऊन बसले आहेत आणि उठायला तयार नाहीत.

घड्याळजीचे नाव जॉर्ज डॅनियल्स. जन्म १९२६चा, बालपण लंडनच्या गरिबीत गेलेले. सैन्यात असताना सोबत्यांची घड्याळे दुरुस्त करून चार पैसे मिळवणारा हा माणूस पुढे जुन्या मौल्यवान घड्याळांचा नामांकित दुरुस्तीकार झाला आणि मग त्याने ठरवले की पूर्ण घड्याळ आपणच बनवायचे. पूर्ण म्हणजे अक्षरशः पूर्ण: चाके, स्क्रू, काटे, तबकडी, बाहेरची केस, सगळे एकाच्या हातचे. घड्याळाच्या धंद्यात ही कामे वेगवेगळ्या कारागिरांची असतात. चाके कापणारा वेगळा, तबकडी कोरणारा वेगळा, केस घडवणारा सोनार वेगळा. असे तीसेक हुन्नर त्याने एकट्याने आत्मसात केले. एकेका घड्याळाला हजारो तास लागत. आयुष्यभरात अशी घड्याळे झाली ती चाळिशीच्या आतच. १९८१ साली त्याने घड्याळ घडवण्याची सगळी रीत एका जाडजूड ग्रंथात लिहून टाकली, हातचे काहीही राखून न ठेवता.

पण मला त्याच्या हातापेक्षा त्याच्या डोक्याचे जास्त कौतुक आहे. १९६९च्या नाताळात सेइको कंपनीने तोक्योत पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीला आणले. आजच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. आपल्या चावीच्या एचएमटीचे मागेपुढे झुलणारे चक्र सेकंदाला पाच टिकटिक करते, म्हणजे तासाला १८,०००. ही लढत लागण्याआधीच हरलेली होती. स्वित्झर्लंडमधले कारखाने भराभर बंद पडू लागले. अशा वेळी यांत्रिक घड्याळ टिकवायचे म्हणजे काय करायचे? बहुतेकांचे उत्तर होते, तेल सुधारा, अधिक टिकाऊ तेल आणा. डॅनियल्सने प्रश्नच उलटा धरला. तेल लागतेच कशाला?

ते कुठे लागते हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. घड्याळातली गुंडाळलेली कमान सुटायला धडपडत असते. तिला एकदम सुटू न देता थोडे थोडे सोडणारी एक चौकी असते: एक दातेरी चाक आणि नांगरासारखा एक छोटा तुकडा. नांगराच्या दोन टोकांना दोन कृत्रिम माणके बसवलेली असतात. चाकाचा दाता माणकाला अडतो, सुटतो, सुटताना माणकावरून घसरत जातो आणि त्या घसरण्यातूनच नांगराला, नांगराकडून चक्राला धक्का देतो. दिवसाला ४ लाख ३२ हजार वेळा. घसरणे आले की घर्षण आले, घर्षण आले की तेल आले, आणि तेल म्हटले की ते कधीतरी घट्ट होणारच. अठराव्या शतकाच्या मध्याला टॉमस मज याने ही युक्ती काढली, तेव्हापासून हे असेच चालले होते. अडवणे आणि ढकलणे ही दोन्ही कामे एकाच जागी होतात, खोट तिथे आहे, हे डॅनियल्सने हेरले. त्याने ती दोन कामे वेगळी केली. एकाच आसावर दोन चाके ठेवली आणि धक्का असा दिला की दात्याला माणकावरून फरफटत जावे लागू नये. त्यामुळे तेलाची गरज त्या जागी जवळजवळ उरली नाही. १९७०च्या दशकात ही रचना तयार झाली. मग वीसेक वर्षे स्विस कंपन्यांची दारे ठोठावणे चालले. शेवटी १९९९ साली ओमेगाने ती आपल्या घड्याळात घेतली.

अधिक चांगले तेल शोधायचे सोडून तेलावर अवलंबून असणेच कमी करायचे, ही चाल हिवरे बाजारने पाण्याच्या बाबतीत खेळली, असे मला वाटते. आणि दोघांनीही ती साधारण सारख्याच परिस्थितीत खेळली, आजूबाजूचे सगळे उलट दिशेला धावत असताना.

नगर जिल्हा पर्जन्यछायेतला. हिवरे बाजारला पाऊस चारशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मन मानेल तसा. १९७२च्या दुष्काळानंतर गाव खचत गेले. डोंगर बोडके झाले, विहिरी आटल्या, माणसे कामाला पुण्या-मुंबईकडे गेली, जी राहिली त्यातली बरीच दारूत. सरकारी नोकरांना इथली बदली म्हणजे शिक्षा वाटे. १९८९-९०च्या सुमाराला शिकून आलेले, क्रिकेट खेळणारे पोपटराव पवार बिनविरोध सरपंच झाले. पहिला हात घातला तो शाळेला. मग डोंगरउतारांवर समतल चर, नालाबांध, माती बांध, झाडे. पैसा बराचसा रोजगार हमीचा, पुढे १९९४पासून आदर्श गाव योजनेचा, आणि घाम गावाचा. पावसाचे धावते पाणी चालते झाले, चालते पाणी थांबले, विहिरी वर आल्या.

इथपर्यंतची गोष्ट महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांची आहे. पाणी अडवले, पाणी आले, फोटो निघाले. आणि पुढच्या पाचसात वर्षांत त्या पाण्यावर ऊस उभा राहिला, ज्याच्याकडे पैसा त्याने बोअर घेतले, शेजाऱ्याने त्याहून खोल घेतले, आणि टँकर पुन्हा गावच्या वेशीवर. आपल्याकडच्या काळ्या खडकात पाणी साठते ते मुख्यतः वरच्या मुरमाड, झिजलेल्या थरात. खाली गेले की कातळ घट्ट. पाणी असते ते एखाद्या भेगेत, आणि ती भेग बहुधा वरच्याच विहिरींचे पाणी खाली ओढून आणत असते. चारशे-पाचशे फूट जाऊन लागलेले पाणी 'नवे' वाटते. ते शेजारच्या भावकीच्या विहिरीतलेच असण्याची शक्यता जास्त.

हिवरे बाजारने इथे बंदी घातली. शेतीसाठी बोअर नाही. ऊस, केळी अशी पाण्याला सोकावलेली पिके नाहीत. त्याआधी कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री होतीच. पाचातली चार सूत्रे काहीतरी न करण्याची आहेत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. (नसबंदीपाशी आज मी जरा अडखळतो. घराच्या आतल्या निर्णयात ग्रामसभेने किती शिरावे, हा वाद मिटलेला नाही. पण ते सूत्र त्या काळाचे होते, हेही खरे.) विकास म्हणजे नवे काहीतरी उभे करणे, उद्घाटनाची फीत कापणे, ही आपली सवय. न केलेल्या गोष्टीला फीत बांधता येत नाही. न खणलेल्या बोअरचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही.

पाण्याचा ताळेबंद ही या गावाची खरी घडण. पाऊस गावातच पर्जन्यमापकावर मोजायचा, ठरावीक विहिरींची पातळी पाहायची, आणि पावसाळ्यानंतर ग्रामसभेत बसून हिशेब मांडायचा. गावाचे शिवार सुमारे ९७६ हेक्टर. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला की दहा हजार लिटर होतो, म्हणजे साऱ्या शिवारावर पावणेअठ्ठ्याण्णव लाख लिटरच्या आसपास. धरून चाला, मिलिमीटरला कोटी लिटर. या आकड्याने पावसाकडे पाहायची नजरच बदलते. 'बरा झाला', 'जेमतेम झाला' ही मोघम भाषा संपते. त्यातले वाहून किती गेले, उडून किती गेले, मुरले किती, आणि मुरलेल्यातून आधी माणसांचे पिणे, मग जनावरांचे, मग शेती. पाऊस कमी तर रब्बीचे क्षेत्र कमी. गहू की ज्वारी, हे शेतकऱ्याच्या हौसेवर नाही, विहिरीच्या पातळीवर ठरायचे. १९९५च्या सुमाराला १८०च्या आसपास कुटुंबांतली १६८ दारिद्र्यरेषेखाली होती. पुढे ती संख्या बोटांवर मोजण्याइतकी राहिली. रोजचे दूध दीडशे लिटरवरून काही हजारांवर गेले. गेलेली कुटुंबे परत आली. हे सगळे ठाऊक असते, सांगितलेही जाते. मला त्यात पुन्हा पुन्हा दिसतो तो वर्षातून एकदा मांडला जाणारा साधा वजाबाकीचा हिशेब.

घड्याळ आणि पाणी यांचा संबंध आपल्याला परका नाहीच. लग्नघटिका मोजायला आपल्याकडे घटिकापात्र असे. तांब्याची छोटी वाटी, तळाला बारीक छिद्र. घंगाळातल्या पाण्यावर ती सोडायची. छिद्रातून पाणी आत येत येत ती बुडाली की एक घटी, म्हणजे २४ मिनिटे झाली. कारागिराने हाताने घडवलेले वेळेचे यंत्र महाराष्ट्रात शोधायला निघालो तर मला आधी ते आठवते. तांबटाने ठोकून काढलेली वाटी आणि छिद्राच्या मापात सगळे कसब. छिद्र केसभर मोठे झाले तर नवरदेवाचा मुहूर्त चुकला.

आणि मनगटी घड्याळ गावात शिरले तेही लग्नातूनच. १९६१ साली सरकारी एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरात घड्याळे बनवायला सुरुवात केली आणि 'जनता', 'पायलट', 'सोना', 'कोहिनूर' ही नावे जावयांच्या मनगटावर चढली. घड्याळ, सायकल, रेडिओ या त्रिकुटाशिवाय बोलणी पुढे सरकत नसत. (त्या घड्याळांवर किती बापांचे कर्ज चढले, हा हिशेब मात्र कुठल्या ताळेबंदात आला नाही.) त्या घड्याळाचा शेतातला उपयोगही मोठा होता. समाईक विहिरीवर भावाभावांच्या पाण्याच्या पाळ्या असत. रात्रीच्या लायटीला दोन वाजता धाकट्याची पाळी सुरू व्हायची, तर थोरल्याच्या मनगटावर दोन वाजलेले दिसायला हवेत. थोरल्याचे घड्याळ पाच मिनिटे मागे असले की सकाळी बांधावर आवाज चढलेच.

१९८७ साली टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली. अचूक, चावीची कटकट नाही. एचएमटी मागे पडत गेली आणि २०१६ साली सरकारने घड्याळांचा हा उद्योग बंद करण्याचा निर्णय घेतला. आज बंगळूर, जयपूर अशा ठिकाणी काही छोटे लोक हौसेने यांत्रिक घड्याळे काढतात. तबकडी, केस, कल्पना त्यांची. आतले मशीन बहुधा जपानी किंवा स्विस. त्यात कमीपणा नाही, जगातले बहुतेक छोटे घड्याळवाले तेच करतात. पण डॅनियल्सचे काम वेगळ्या जातीचे होते, हे त्यावरून कळते. आणि हेही कबूल करायला हवे की असे घड्याळ श्रीमंतांनाच परवडते. लिलावात त्याची घड्याळे कोट्यवधीला जातात. खरी वेळ बघायची तर खिशातला फोन पुष्कळ बरा.

इथे घड्याळजी आणि गाव यांची वाट वेगळी होते. डॅनियल्सला कोणाला विचारायचे नव्हते. चाकाला तक्रार नसते, माणकाला भाऊबंदकी नसते. एका टेबलावर, एका दिव्याखाली तो हवा तो निर्णय घेऊ शकत होता. गावात एकाने रात्रीत बोअर पाडले की बाकीच्या सगळ्यांचा संयम मूर्खपणा ठरतो. म्हणून बोअरबंदी हे निम्मेच काम. उरलेले निम्मे म्हणजे ज्याच्या खिशात बोअरचे पैसे आहेत त्याला वर्षानुवर्षे ग्रामसभेत आणून बसवणे. ते कायद्याने होत नाही. भूजलाचे कायदे राज्यात आहेतच, म्हणून बोअरच्या गाड्या थांबल्या आहेत का? माझा अंदाज असा की शाळा आधी, चर नंतर, बंदी त्यानंतर, या क्रमाला फार महत्त्व आहे. मुलगा गावातच शिकला, विहिरीला पाणी लागले, आणि मग कोणी म्हणाले की आता हात आवर, तर माणूस ऐकण्याची शक्यता असते. आधी हात आवर म्हटले असते तर गावाने सरपंचच बदलला असता.

पोपटरावांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. डॅनियल्सचाही मानसन्मान झाला. पण त्याच्यामागे काम पुढे कोण नेणार, हा प्रश्न होता, आणि तिथे रॉजर स्मिथची गोष्ट येते. बोल्टनचा हा तरुण डॅनियल्सचे पुस्तक पाहत एकट्याने खिशातले घड्याळ बनवू लागला. दीडेक वर्ष राबून ते घेऊन गेला. डॅनियल्सने पाहिले आणि नापास केले. कारण असे की ते हाताने बनवल्यासारखे दिसत होते.

मला हा शेरा फार आवडतो. 'हस्तनिर्मित' म्हटले की आपण थोडेसे वेडेवाकडे असणे हीच त्याची खूण मानतो आणि त्यावर जास्त पैसेही मोजतो. डॅनियल्सला ते मान्य नव्हते. हात इतका मुरलेला हवा की कामात तो दिसता कामा नये. वस्तू जणू तशीच निर्माण झाली आहे असे वाटले पाहिजे. स्मिथ परत गेला. दुसऱ्या घड्याळाला त्याने पाचेक वर्षे दिली, मध्ये बरेच भाग मोडून पुन्हा केले. ते पाहताना डॅनियल्सने एकेक भाग कोणी केला हे विचारून घेतले. प्रत्येकाचे उत्तर एकच होते, मी. मग त्याने मान डोलावली. स्मिथ आज आइल ऑफ मॅनवर असतो आणि वर्षाला फार थोडी घड्याळे करतो.

हिवरे बाजारला बसगाड्या भरून लोक येतात. ग्रामपंचायतींचे सदस्य, अधिकारी, कॉलेजची मुले, परदेशी अभ्यासक. त्यातल्या काहींची पहिल्या तासात जरा निराशा होत असावी. स्वच्छ रस्ते, नेटकी घरे, गोठे, ज्वारी-कांद्याची शेते. मोठे धरण नाही, भव्य कमानी नाहीत. तीस वर्षांत डोंगरावरच्या चरांवर गवत आणि झाडी आली आहे. नवख्या माणसाला तो डोंगर मुळातच तसा हिरवा असावा असे वाटेल. "इथे पाहायचं काय?" असे कोणी विचारले तर त्याला बोट करून दाखवायला तिथे फारसे काही नाही. हिशेबाची वही मात्र आहे. ती मागून घेऊन एखाद्या कोरड्या वर्षाचे पान उघडावे आणि त्या साली रब्बीचे किती क्षेत्र गावाने आपणहून सोडून दिले, ते वाचावे.